कोऱ्या कागदावरचा पक्षी

एक उभा, लांबट कागद डोळ्यांसमोर आणावा. त्याच्या तळाशी एक ओबडधोबड खडक आहे. खडकावर एक लहानसा काळा पक्षी एका पायावर उभा आहे. दुसरा पाय त्याने पोटाशी ओढून घेतला आहे, मान अंगात दडवली आहे आणि थंडीत फुगवावी तशी पाठ फुगवली आहे. एवढेच चित्र. आकाश नाही, झाड नाही, पाणी नाही, सूर्यही नाही. कागदाचा बहुतांश भाग कोरा आहे. पक्ष्याचा डोळा मात्र उघडा आहे. त्याचे बुबुळ वरच्या पापणीला टेकलेले असल्यामुळे खालचा पांढरा भाग पाहणाऱ्याकडे वळलेला दिसतो. एखाद्या हिशेबी व्यापाऱ्याने हे चित्र प्रथमच पाहिले, तर त्याच्या मनात एक प्रश्न सहज उभा राहील. किंमत पूर्ण कागदाची मोजली, मग वापर एवढ्याच भागाचा का?

प्रश्न वाजवी आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या चीनमध्ये जावे लागते. असे पक्षी रंगविणाऱ्या चित्रकाराचे मूळ नाव झू दा. जगाने त्याला ओळखले ते त्याने उतारवयात धारण केलेल्या ‘बादा शानरेन’ या नावाने.

झू दाचा जन्म 1626 मध्ये दक्षिण चीनमधील नानचांग या नगरात झाला. तो मिंग राजवंशातला होता. त्या वंशाचा संस्थापक सम्राट हुंगवू याचा सतरावा पुत्र झू छ्वान ही त्याच्या शाखेची मूळ गादी. घराण्यात काव्य आणि चित्रकला पिढीजात होती. मुलगा बुद्धिमान होता, शिकत होता आणि पुढचा मार्ग आखलेला होता. 1644 मध्ये हे सारे कोसळले. बीजिंग पडले, मिंग सम्राटाने आत्महत्या केली आणि उत्तरेकडून आलेल्या मांचू लोकांनी छिंग राजवट स्थापन केली. झू दा त्या वेळी अठरा वर्षांचा होता. ज्या आडनावाने कालपर्यंत दारे उघडत होती, तेच आडनाव आता जिवावर बेतणारे ठरले.

नव्या राजवटीने पुरुषांवर एक हुकूम लादला. डोक्याचा पुढचा भाग भादरून मागे लांब वेणी राखायची. ही वेणी म्हणजे नव्या सत्तेपुढे मान तुकविल्याची खूण होती. भिक्षूचे मात्र संपूर्ण मुंडन असते, त्याला वेणी कोठून येणार? त्या काळी अनेक निष्ठावंतांनी जीव आणि मान दोन्ही राखण्यासाठी बौद्ध विहारांचा आश्रय घेतला. झू दानेही डोंगर गाठला आणि 1648 मध्ये तो भिक्षू झाला. पुढची तीस वर्षे त्याने विहारात काढली. तो नामांकित आचार्य झाला आणि त्याच्याभोवती शंभराहून अधिक शिष्य जमले. त्याचा ज्ञात असलेला सर्वांत जुना चित्रसंच 1659 चा असून तो आज तैपेई येथील राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्यात फुले आहेत, भाज्या आहेत, फळे आहेत. बादा शानरेनचा तो विलक्षण पक्षी तेथे अजून उतरलेला नाही.

1680 च्या सुमारास हा शांत दिसणारा बांध फुटला. एका अधिकाऱ्याच्या निमंत्रणावरून तो त्याच्या गावी राहत होता. तेथे त्याचे चित्त ढळले. समकालीन चरित्रकार शाओ चांगहंग याने लिहून ठेवले आहे की, तो कधी मोठमोठ्याने हसे, तर कधी धाय मोकलून रडे. एके संध्याकाळी त्याने अंगावरचे भिक्षूचे वस्त्र फाडले, जाळून टाकले आणि तो पायी नानचांगला परतला. फाटकी टोपी, लांब झगा आणि टाचा उघड्या पडलेले जोडे अशा अवस्थेत तो बाजारात फिरे आणि मुले टाळ्या पिटत त्याच्या मागे धावत. ज्या नगरात त्याच्या पूर्वजांचा वाडा होता, त्याच नगरात त्याला कोणी ओळखले नाही. अखेर एका पुतण्याने ओळखले आणि घरी नेले. पुढे एके दिवशी त्याने आपल्या दारावर ‘मुका’ अशा अर्थाचे एक मोठे अक्षर लिहिले आणि माणसांशी बोलणे बंद केले.

मौनाचे महत्त्व जैन वाचकांना सांगावे लागत नाही. परंतु मौन आणि मुकेपणा यांत अंतर आहे. मौन स्वेच्छेने स्वीकारले जाते आणि त्यात शांती असते. मुकेपणा परिस्थिती लादते आणि त्यात कोंडमारा असतो. झू दाच्या मुकेपणात आरंभी कोंडमाराच होता. त्याचे पुढे काय झाले, हाच त्याच्या आयुष्यातला लक्षणीय भाग. जे बोलता येत नव्हते, ते त्याने कागदावर उतरविले आणि त्यासाठी निवडले पक्षी, मासे, कमळ आणि खडक. 1684 पासून तो ‘बादा शानरेन’ अशी सही करू लागला. चिनी लिपीतील ही चार अक्षरे तो वरून खाली अशी जोडून लिही की, घाईत वाचणाऱ्याला ती ‘रडणे’ आणि ‘हसणे’ या शब्दांसारखी दिसत. आज त्याची म्हणून जी चित्रे नावाजली जातात, त्यांतील बहुतेक त्याच्या साठीच्या आसपासची आणि त्यानंतरची आहेत.

आता प्रत्यक्ष चित्राकडे वळू. या कलेला रंगांची पेटी लागत नाही. कुंचला, शाई, कागद आणि शाई उगाळण्याचा दगड या चार वस्तूंना चीनमध्ये ‘अभ्यासिकेची चार रत्ने’ म्हणतात. शाई घट्ट वडीच्या रूपात असते. दगडावर थोडे पाणी घेऊन ती वडी हळूहळू गोलाकार उगाळायची. मंदिरात पूजेसाठी सहाणेवर चंदन उगाळणाऱ्यांना ही क्रिया वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. घाई केली तर शाई भरड उतरते. उगाळण्याची ती दहा-पंधरा मिनिटे चित्रकाराच्या मनालाही स्थिर करतात.

कागद ‘श्वान’ या नावाने ओळखला जातो. तो आन्हुई प्रांतातील जिंग परगण्यात होतो. छिंगतान नावाच्या झाडाची साल आणि भाताचा पेंढा हा त्याचा कच्चा माल. हा माल डोंगरउतारावर महिनोन्महिने ऊनपावसात पसरून नैसर्गिकरीत्या पांढरा केला जातो. या हस्तकलेचा समावेश 2009 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत झाला. याच आन्हुईच्या दक्षिणेकडील हुइझोऊ प्रदेश उत्तम शाईसाठी आणि त्याहूनही अधिक आपल्या व्यापाऱ्यांसाठी प्रसिद्ध होता. शेतीला जमीन अपुरी, म्हणून तेथील मुले लहान वयातच घर सोडून मीठ, चहा, लाकूड आणि सावकारीच्या धंद्यात शिरत आणि दूरदूरच्या नगरांत पेढ्या थाटत. मारवाड आणि गुजरातमधून बाहेर पडून महाराष्ट्राच्या बाजारपेठांत स्थिरावलेल्या कुटुंबांना ही कथा परिचित वाटेल. पुढे याच व्यापाऱ्यांच्या घरांतून चित्रकारांना आश्रय मिळाला.

येथे अहिंसेच्या दृष्टीने एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. पारंपरिक चिनी शाई ही काजळी आणि सरस यांची बनते. काजळी पाइनच्या लाकडाची किंवा दिव्यातील तेलाची असते. सरस मात्र प्राण्यांच्या कातड्यापासून काढलेला असतो. कुंचला बहुधा बकरीच्या केसांचा असतो. ज्याला चिनी भाषेत ‘लांडग्याच्या केसांचा कुंचला’ म्हणतात, तो खरे तर वीझल या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या शेपटीच्या केसांचा असतो. नाव एक आणि माल दुसरा, हा प्रकार व्यापारात नवा नाही. जैन ग्रंथभांडारांतील पोथ्यांची शाई या बाबतीत वेगळ्या वाटेने गेली. तिची एक जुनी रीत अशी की, काजळी आणि बोळ समभाग घ्यावेत, त्यांच्या दुप्पट झाडाचा डिंक घ्यावा आणि हे मिश्रण दीर्घकाळ घोटावे. काजळी तीच, पण ती कागदाला बांधून ठेवणारे द्रव्य वनस्पतीचे. शेकडो वर्षांनंतरही कल्पसूत्राच्या पोथ्यांतील अक्षरे काळीभोर दिसतात. ज्याला ही कला घरी आजमावून पाहायची असेल, त्याने डिंक घातलेली काळी शाई आणि कृत्रिम केसांचा गोल कुंचला वापरावा. विकत घेताना दुकानदाराला केस कशाचे आणि शाईत सरस आहे की नाही, हे दोन प्रश्न विचारावेत. कला शिकण्यासाठी जीवदयेला मुरड घालण्याची आवश्यकता नाही.

शाई एक, पण तिच्या छटा अनेक. नवव्या शतकातील चिनी कलासमीक्षक झांग यानयुआन याने म्हटले होते की, शाई नीट हाताळता आली तर पाचही रंग तिच्यातच लाभतात. करपल्यासारखी कोरडी काळी, दाट, गडद, फिकी आणि जवळजवळ पाण्यासारखी निर्मळ अशा पाच छटा सामान्यतः सांगितल्या जातात. कुंचला आधी फिक्या शाईत पूर्ण भिजवायचा, जादा पाणी निपटून टाकायचे आणि मग फक्त टोक दाट शाईत बुडवायचे. असा कुंचला आडवा धरून एकदाच फिरवला की, एकाच फटकाऱ्यात एका कडेला गडद आणि दुसऱ्या कडेला फिकी अशी छटा उमटते. पक्ष्याच्या पाठीचा गोलावा छायेने दाखवावा लागत नाही. तो त्या एका फटकाऱ्यातूनच येतो.

कच्चा श्वान कागद शाई पाहता पाहता पिऊन टाकतो. कुंचला क्षणभर जास्त टेकला तर डाग पसरतो आणि भीतभीत फिरवला तर रेघ थरथरते. खोडता येत नाही, वरून झाकता येत नाही. खतावणीतील चुकीची नोंद निदान उलट नोंदीने दुरुस्त करता येते. येथे तीही सोय नाही. म्हणून चित्र काही क्षणांचे असले, तरी त्यामागचा सराव वर्षानुवर्षांचा असतो. दुरुस्तीची संधी नाही हे ज्याला आधीच ठाऊक असते, तो कुंचला उचलण्यापूर्वी अधिक वेळ पाहतो.

काय पाहायचे आणि कोणत्या क्रमाने काढायचे, याचेही शास्त्र आहे. ‘मोहरीच्या दाण्याएवढी बाग’ या अर्थाचे नाव असलेली चित्रकलेची एक प्रसिद्ध चिनी मार्गदर्शिका आहे. तिचा पहिला भाग 1679 मध्ये आणि फुलापाखरांचे भाग 1701 मध्ये छापले गेले. लेखक ली यू याच्या नानजिंगमधील छोट्या बागेवरून तिला हे नाव मिळाले. पक्षी काढू पाहणाऱ्याला ती प्रथम एक साधी गोष्ट सांगते. पक्षी अंड्यातून जन्मतो, म्हणून त्याच्या देहाचा मूळ आकार अंड्याचाच असतो. त्या अंड्याला डोके आणि शेपूट जोडावे, मग पंख आणि पाय द्यावेत. क्रमही ठरलेला आहे. आरंभ चोचीपासून, त्यानंतर वरच्या चोचीच्या अनुरोधाने डोळा. मग डोके, पाठ, पंख, छाती आणि शेपूट. पाय सर्वांत शेवटी.

उदाहरणासाठी बादा शानरेनचा आवडता तुरेवाली मैना हा पक्षी घेता येईल. आपल्या अंगणातील साळुंकी आणि ही चिनी मैना एकाच कुळातील सख्ख्या नातलग आहेत. चिनी मैना काळी असते, चोचीच्या मुळाशी तिला लहानसा तुरा असतो आणि पंखावर पांढरा पट्टा असतो. चित्रकार दाट शाईच्या दोन रेघांत चोच काढतो. मग डोळ्याचे वर्तुळ आणि त्यात एक ठिपका. हा ठिपका मध्यभागी पडला तर पक्षी समोर पाहतो आणि वरच्या कडेला सरकला तर त्याची नजर बदलते. डोके आणि पाठ भरदार, ओल्या फटकाऱ्यांनी साधतात. ती ओल असतानाच पंखाची पिसे अधिक गडद शाईने काढली की, कडा एकमेकींत किंचित मिसळतात आणि पिसांचा मऊपणा येतो. पंखावरचा पांढरा पट्टा रंगवायचा नसतो, तो सोडायचा असतो. पोटाकडे फिकी शाई आणि शेपटीला एक सरळ, निश्चयी फटकारा. अखेरीस कोरड्या कुंचल्याने पाय. पाय देहाच्या भाराखाली अचूक पडले तर पक्षी उभा राहतो, अन्यथा तो कागदावर टांगल्यासारखा दिसतो.

पक्षी काढण्याची दुसरीही एक परंपरा चीनमध्ये होती आणि ती दरबाराची होती. दहाव्या शतकातील दरबारी चित्रकार ह्वांग छ्वान याने आपल्या मुलाला गिरविण्यासाठी म्हणून पक्षी, किडे आणि कासवे यांचा एक पट काढून दिला होता. तो आज बीजिंगच्या राजप्रासाद संग्रहालयात आहे. बापाने मुलाला दिलेली ती एक प्रकारची पाटीच. त्यातील एकेक पीस मोजून घ्यावे इतके रेखीव आहे. या परंपरेचा कळस सोंग सम्राट हुइझोंग याच्या दरबारात झाला. तो स्वतः उत्तम चित्रकार होता आणि त्याचे लक्ष किती सूक्ष्म होते याची एक कथा जुन्या चिनी ग्रंथात आहे. त्याने दरबारी चित्रकारांना मोर रंगवायला सांगितले. चित्रे देखणी उतरली, पण सम्राट नाराज झाला. कोणालाच कारण कळेना. तेव्हा त्याने सांगितले की, उंचवट्यावर चढताना मोर नेहमी डावा पाय आधी उचलतो आणि चित्रकारांनी उजवा उचललेला दाखविला आहे. मोराच्या पायावर लक्ष ठेवणाऱ्या या सम्राटाचे राज्याच्या सीमेवर मात्र पुरेसे लक्ष राहिले नाही. 1127 मध्ये उत्तरेकडील जुर्चेन लोकांनी त्याला कैद करून नेले आणि 1135 मध्ये तो परमुलखात बंदिवासात मरण पावला. एका सम्राटाने पक्षी रंगविले आणि नंतर त्याचे राज्य गेले. एका राजवंशजाचे सर्वस्व आधी गेले आणि नंतर त्याने पक्षी रंगविले. पहिल्याचे पक्षी रेशमावर ऐटीत बसलेले आहेत. दुसऱ्याचा पक्षी खडकावर एका पायावर तोल सांभाळतो आहे.

बादा शानरेनच्या पक्ष्याच्या त्या डोळ्याचाही अर्थ आहे. चिनी भाषेत एखाद्याला ‘डोळ्याचा पांढरा भाग दाखविणे’ म्हणजे त्याची अवहेलना करणे. तोंडाने बोलता येत नव्हते, पण नव्या सत्तेपुढे लोटांगण घालणाऱ्या जगाला त्याचा पक्षी काय म्हणतो, हे पाहणाऱ्याला कळत असे. त्यासाठी तलवार काढावी लागली नाही आणि कोणाचे रक्तही सांडले नाही. शाईचा एक ठिपका थोडा वर सरकविला, एवढेच.

पोटाचा प्रश्न मात्र होताच. वस्त्र जाळून विहार सोडलेल्या माणसाला भिक्षा कोण घालणार? बादा शानरेनने चित्रे विकून उदरनिर्वाह केला. चित्रविक्रीत मध्यस्थी करणाऱ्या एका मित्राला त्याने लिहिलेली पत्रे आजही उपलब्ध आहेत. चरित्रकाराने नोंदविलेली एक गोष्ट अधिक बोलकी आहे. गरीब विद्वान, बाजारातील सामान्य माणूस, दारू विकणारा यांनी बोलावले की तो जाई आणि त्यांना हवी तेवढी चित्रे सहज काढून देई. मद्याचे व्यसन हा त्याच्या आयुष्यातील दोषच म्हटला पाहिजे आणि तो झाकण्याचे कारण नाही. पण सत्ताधारी आणि प्रतिष्ठित लोक सोने घेऊन आले, तरी त्यांना साध्या खडकाचेही चित्र मिळत नसे. मालाची किंमत गिऱ्हाईक पाहून बदलणे व्यापारात अनुचित मानले जाते. येथे बदलत होती ती किंमत नव्हती. काय विकायचे नाही, हे त्याने ठरविले होते.

याच प्रश्नाकडे पुढच्या पिढीतील झेंग बानछिआओ याने अगदी उलट बाजूने पाहिले. 1693 मध्ये जन्मलेला हा चित्रकार काही वर्षे सरकारी अधिकारी होता. पद सोडल्यावर तो यांगझोऊ या मीठ-व्यापाऱ्यांच्या श्रीमंत नगरात बांबू, ऑर्किड आणि खडक रंगवून राहू लागला. 1759 मध्ये त्याने आपल्या कामाचे दरपत्रकच जाहीर केले. मोठ्या पटाला चांदीचे सहा ताएल, मध्यम पटाला चार, लहान पटाला दोन, सुलेखनाच्या जोडपट्टीला एक आणि पंख्याला अर्धा ताएल. एक ताएल म्हणजे सुमारे 37 ग्रॅम. त्याखाली त्याने मिस्कीलपणे बजावले की, भेटवस्तू आणि खाद्यपदार्थांपेक्षा रोख चांदी बरी. भेटी आणल्या की भिडेत अडकायला होते आणि उधारी तर बुडालेलीच समजावी. व्यापारी कुटुंबातील वाचकांना यावर हसू येईल आणि पटेलही. त्या काळी विद्वान चित्रकाराने मोबदल्याचा उघड उच्चार करणे कमीपणाचे मानले जाई. परिणामी भेटवस्तूंच्या आडून व्यवहार चाले आणि त्यात दोन्ही बाजूंना संकोच वाटे. झेंगने तो पडदा दूर केला. एकाने काय विकणार नाही ते ठरविले, दुसऱ्याने जे विकणार त्याचा भाव स्वच्छ लिहून ठेवला. दोन्ही प्रामाणिकपणाचीच रूपे आहेत.

आता मूळ प्रश्न. कागद एवढा कोरा का? चिनी चित्रकलेत कोरी सोडलेली जागा रिकामी मानली जात नाही. बादा शानरेनच्या एखाद्या चित्रात मासा असतो आणि पाण्याची एकही रेघ नसते, तरी पाहणाऱ्याला मासा पोहताना दिसतो, कारण भोवतीचा कोरा कागदच पाणी होतो. पक्ष्याभोवती तोच कागद आकाश होतो, धुके होतो किंवा एकाकीपण होतो. कोऱ्या जागेत एखादी फांदी, दोन फुले किंवा चंद्र भरला तर चित्रात वस्तूंची भर पडेल, पण आकाश कमी होईल. म्हणून किती काढायचे यापेक्षा कोठे थांबायचे, हे या कलेत अधिक कठीण समजले जाते.

श्रावकाच्या पाच अणुव्रतांपैकी परिग्रह-परिमाण हे व्रत याच प्रश्नाशी निगडित आहे. ते श्रावकाला कमाई सोडायला सांगत नाही, कमाईला मर्यादा घालायला सांगते. आपल्याला किती पुरे, हे त्याने स्वतः आणि आधी ठरवायचे असते. कागदावर शाई ओतणे कठीण नाही, घरात वस्तू आणणेही कठीण नाही. पुष्कळ घरांत आज भिंत दिसत नाही इतके सामान भिंतीला लागलेले असते आणि दिवस दिसत नाही इतकी कामे दिवसाला चिकटलेली असतात. सामायिकाची अठ्ठेचाळीस मिनिटे ही एका अर्थाने दिवसाच्या कागदावर राखलेली कोरी जागाच आहे. तिच्यामुळे उरलेल्या दिवसाला आकाश मिळते.

उत्तराध्ययनसूत्रात साधूला पक्ष्याची उपमा दिली आहे. पक्षी जेथे जातो तेथे आपले पंख तेवढे घेऊन जातो. तो मागे काही ठेवत नाही आणि पुढच्यासाठी साठवतही नाही. बादा शानरेनने हे सूत्र ऐकलेले असण्याची शक्यता नाही. त्याचा त्याग व्रताचा नव्हता, तो काळाने लादलेला होता आणि त्या आघाताने काही काळ त्याची बुद्धीही हिरावून घेतली होती. परंतु जे बळाने हिरावले गेले, त्याच्याशी समेट करता करता तो अखेरीस अशा पक्ष्यापर्यंत पोहोचला, ज्याच्याजवळ एक खडक, एक पाय आणि एक उघडा डोळा यांपलीकडे काही नाही आणि तरी जो पडत नाही. 1702 मध्ये, वयाच्या शहात्तराव्या वर्षी त्याने खडक आणि वृक्षावर बसलेल्या दोन गरुडांचे एक भव्य चित्र काढले. ते आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. फाटक्या टोपीतल्या ज्या माणसामागे मुले धावत होती, त्याच्या हातून वीस वर्षांनी उतरलेले हे गरुड आहेत. 1705 मध्ये त्याचा अंत झाला. नानचांगच्या परिसरात आज त्याच्या नावाचे स्मारक-संग्रहालय उभे आहे.

भगवान ऋषभदेवांनी मानवाला असि, मसि, कृषि, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही सहा कर्मे शिकविली, असे आपली परंपरा सांगते. मसि म्हणजे शाई. शाई, व्यापार आणि कला ही तिन्ही एकाच यादीत एकमेकांच्या शेजारी बसली आहेत. व्यापारी घरांनी त्यांतील शाई हिशेबासाठी जपली आणि ग्रंथांसाठीही जपली. पक्ष्याच्या चित्रासाठी ती कधी वापरून पाहायला हरकत नाही. एखाद्या दुपारी आजोबांनी आणि नातवाने मिळून शोषून घेणारा पातळ कागद समोर घ्यावा, खिडकीबाहेरची साळुंकी थोडा वेळ नुसती पाहावी, मग एक अंडे काढावे, त्याला चोच द्यावी, डोळा द्यावा आणि सर्वांत शेवटी पाय. पहिले दहा कागद वाया जातील. अकराव्यावर कदाचित पक्षी उभा राहील.

आणि कोऱ्या जागेचे म्हणाल, तर ती या घरांना अपरिचित नाही. दिवाळीत चोपडीपूजन होते, तेव्हा नव्या वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाचा स्वस्तिक येतो, ‘श्री’ची उतरंड येते, ‘शुभ’ आणि ‘लाभ’ येतात. उरलेले पान कोरेच ठेवले जाते. त्या पानावर कोणी हिशेब मांडत नाही आणि ते वाया गेले असेही आजवर कोणी म्हटलेले नाही.